चावताना शार्कचा डोळा पांढरा का होतो?

प्रश्न : परवा टीव्हीवर शार्कचा प्रोग्रॅम लागला होता. ग्रेट व्हाइटने सीलवर झडप घातली आणि ऐन चावताना त्याचा काळाभोर डोळा एकदम पांढराफटक झाला. लेक म्हणते पापणी मिटली, मला काही ते पटलं नाही. नक्की काय होतं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमचंच बरोबर, पण लेकीला लगेच हिणवू नका, कारण दुसऱ्या बऱ्याच शार्कच्या बाबतीत तीच जिंकेल. ग्रेट व्हाइटला डोळा झाकणारी पापणी नसतेच, मग तो काय करतो तर अख्खा डोळाच खोबणीत मागे फिरवतो, बुबुळ आत जातं आणि मागची पांढरी बाजू पुढे येते, तीच तुम्हाला दिसली. सील काय गुपचूप मरतो होय, नख्या, दात सगळं चालवतो, मग डोळा वाचवायला नको का?

टायगर शार्क, बुल शार्क, हॅमरहेड यांच्याकडे मात्र निमेषक पटल असतं, म्हणजे तिसरी पापणी, भक्ष्य तोंडाशी आलं की ती खालून वर सरकते आणि डोळा पूर्ण झाकते. गॅलरीतल्या कबुतरालाही असंच पटल असतं, फक्त ते आडवं सरकतं आणि पातळ असतं, नीट बघितलंत तर डोळ्यावरून दुधट पडदा सर्रकन गेलेला दिसेल (तेवढाच त्या कबुतरांचा उपयोग!). आणि झूऑलॉजीवाल्यांनी प्रॅक्टिकलला फाडलेला स्कोलिओडॉन आठवतोय का? तीच आपली मासळी बाजारातली छोटी मोरी, म्हणजे छोटा शार्कच, तीही याच पापणीवाल्यांपैकी. गणेश पेठेत अख्खी मिळाली तर साफ करून घ्यायच्या आधी डोळ्याच्या खालच्या कडेला बघा, आत घडी दिसते.

व्हेल शार्कची तर गंमतच. पापणी नाही, पण डोळा आत ओढून घेता येतो, शिवाय बुबुळाभोवती डोळ्यावरच दातांसारखे बारीक खवले असतात, हे जपानी संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं.

आता लेक पुढचं विचारणारच, की डोळे झाकले तर नेम कसा धरतो? तर शार्कच्या नाकाडावर जेलीने भरलेली बारीक छिद्रं असतात, लोरेन्झिनी नावाच्या इटालियन माणसाने 1678 मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं पण ती कशासाठी ते कळायला विसावं शतक उजाडलं. भक्ष्याच्या शरीरातली हलकीशी वीज त्यांना जाणवते, अगदी जवळ आल्यावर, म्हणजे नेमके डोळे बंद असतात तेव्हा. यात घोटाळाही होतो, समुद्राच्या पाण्यात धातूभोवतीही वीज तयार होते, म्हणून आमिष सोडून शार्क कधीकधी पाणबुड्यांच्या पिंजऱ्याची सळईच चावत बसतो.