बारावीनंतर इंजिनिअरिंग की बीएफए? घरचे म्हणतात, चित्रकला छंद म्हणून ठेव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी सायन्स, सीईटीत बऱ्यापैकी पर्सेंटाइल, कॉम्प्युटरला सीट लागेल असं घरचे धरून चाललेत. तुला बीएफए, म्हणजे कलेची डिग्री, करायचंय. वडील म्हणतात, डिग्री घे आणि चित्रकला छंद म्हणून ठेव. आणि शेवटी तू विचारलंयस, 'इंजिनिअरिंगला गेले तर माझ्यातली चित्रकार मरेल का?'

मी इथं फारसं लिहीत नाही. पण हे शेवटचं वाक्य १९९४ साली माझ्या डोक्यात रात्रंदिवस घोळत होतं, म्हणून लिहायला बसलोय. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, तेव्हा अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. वडिलांचा उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एक लेथ होता. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला मला ए ग्रेड. आमचे चित्रकलेचे सर निवडक चार-पाच पोरांना रविवारी सकाळी सात वाजता पंचगंगा घाटावर न्यायचे. शाळेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, फी नव्हती. पहिली वीस मिनिटं रंगाची पेटी उघडायला बंदी. नुसतं बघायचं. शिवाजी पुलाच्या कमानींवर ऊन कसं चढतं, घाटावरच्या देवळांच्या दगडात ओल कुठपर्यंत आहे. मी एकदा कमानीखाली काळा रंग लावला तर सरांनी ब्रश काढून घेतला. "सावली काळी नसते. परत बघ. पाण्यावरनं उजेड वर चढलाय तिच्यात." बघितलं तर खरंच, कमानीच्या पोटात हिरवट-तांबूस उजेड हलत होता. इतके दिवस तो मला दिसलाच नव्हता.

तिथं बसून सर आबालाल रहिमानांच्या गोष्टी सांगायचे. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून माणूस परत आला, कोटितीर्थाच्या काठी राहिला, शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून नेमलं. सरांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, चित्रकार आणि बाकीचे. दहावीनंतर मी इथल्याच कला महाविद्यालयात फाउंडेशनला जाणार, हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं होतं. मलाही तेच हवं होतं.

त्या वर्षी आजीचं ऑपरेशन झालं. वडिलांनी लेथ गहाण टाकला. दहावीला पंच्याऐंशीच्या वर टक्के पडले, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल मिळत होतं. वडील आरडाओरडा करणारे नव्हते. रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, "बाळ, तीन वर्सात हाताशी येतोस. चितर कुठं पळून जातंय व्हय? ऐतवारी काढ की." मी हो म्हणालो. मला कुणी ढकललं नाही. गहाणखताचा कागद मी बघितला होता आणि मला आकडे वाचता येत होते.

पुढच्या रविवारी सरांना सांगायला घाटावर गेलो. ते कागदावर वॉश टाकत होते. मी सांगितलं, डिप्लोमाला फॉर्म भरला. त्यांनी मान वर केली नाही. ओल्या कागदावर दुसरा रंग सोडला, तो पसरेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "लोखंडात हात घातला की बोटं जड होतात. आता रविवारी येऊ नकोस. बाकीच्यांचं लक्ष उडतं."

मी परत गेलो नाही. आणि घरीही काढलं नाही. रविवार मोकळा होता, कागद होता, रंगाची पेटी कपाटात होती. पण ज्या माणसानं बघायला शिकवलं तोच म्हणाला की तू संपलास, तर सोळाव्या वर्षी ते खरंच वाटतं. पाच-सहा वर्षं मी ब्रशला हात लावला नाही.

१९९७ ला डिप्लोमा झाला आणि एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लागलो. वाळूच्या साच्यात जो आकार उठवायचा, तो आधी लाकडात घडवायचं हे काम. तिथले मिस्त्री साठीच्या घरातले, शाळा चौथीपर्यंत. पहिल्याच महिन्यात मी चारशे मिलिमीटरच्या एका फ्लँजचा (पाइप जोडायच्या चकतीचा) पॅटर्न साध्या पट्टीनं मोजून केला. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं. पॅटर्नवाल्यांची पट्टी वेगळी असते, तिच्यात ती आकसण आधीच वाढवून धरलेली असते. डिप्लोमात हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि हातानं विसरलो. कास्टिंग चार मिलिमीटर लहान आलं. भंगारात गेलं. मिस्त्री ओरडले नाहीत, आपली पट्टी माझ्या हातात दिली आणि माझी खिडकीबाहेर टाकली.

दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी, पन्हाळ्याच्या बाजूचे तिघे जण टेम्पोतून पंपाचं फुटकं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, घेऊन आले. नदीवरून शेताला पाणी उचलायच्या लिफ्टचा जुना पंप, कंपनी कधीच बंद पडलेली, ड्रॉइंग नाही, आणि वर ऊस वाळायला लागलेला. पंपाचं केसिंग आतून शंखासारखं असतं. पाण्याची वाट जिभेपासून सुरू होते आणि गोल फिरत तोंडापर्यंत हळूहळू रुंद होत जाते. यांच्या केसिंगचा जवळजवळ तिसरा हिस्सा जागेवर नव्हताच. मिस्त्रींच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. म्हणाले, "तू कर."

उरलेल्या भागावरून दर पंचेचाळीस अंशाला एक, असे प्लायवूडचे छाट काढले. गेलेल्या भागातले तीन छाट हिशेबानं बसवले. इथपर्यंत डिप्लोमा पुरला. पण दोन छाटांच्या मधली जागा कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसते. तिथं सागवानात गोल पटाशी चालवायची आणि एक आकार दुसऱ्यात कुठंही न अडखळता मिसळवायचा. दोन दिवस ते जमेना. हात फिरवला की गुळगुळीत लागायचं, तरी काहीतरी चुकलेलं वाटायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारातून तिरपं ऊन आलं आणि पॅटर्नवर पडलं. मी पटाशी खाली ठेवली आणि नुसतं बघत बसलो. वीस मिनिटं. उजेड आकारावरून वळत वळत सावलीत जात होता आणि एका ठिकाणी ती कड तुटत होती. तिथं अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा होता. तो काढला. परत बघितलं. आणखी एक सापडला. अंधार पडेपर्यंत मी ऊन वाचून लाकूड कोरत होतो. मग कोपऱ्यांत लांबी (पुट्टी) भरली, अंगठ्यानं दाबून गोलाई दिली, पॉलिश पेपर मारला.

मिस्त्रींनी डोळे मिटून पूर्ण शंखावरून तळहात फिरवला, एकदा, सावकाश. "डोळा कुणी लावून दिला रं तुला?"

"चित्रकलेच्या सरांनी," मी म्हणालो, आणि मला बोलताच येईना पुढं.

पंप जूनच्या आधी चालू झाला. मी त्याच आठवड्यात रंगाची पेटी काढली. रंग सुकून खडे झाले होते, नवे आणले. घाटावर जायचा धीर आणखी वर्षभर झाला नाही, रंकाळ्यावर जायचो.

आता तुझ्या प्रश्नाकडं येतो. इंजिनिअरिंगनं चित्रकार मरत नाही. 'छंद म्हणून ठेव' या वाक्यानं मरतो, कारण त्यात तास ठरलेले नसतात. वडिलांना सरळ विचार, छंद म्हणजे आठवड्याचे किती तास? परीक्षा असली, पाहुणे आले, तरी ते तास माझे राहतील का? त्यांच्याकडं उत्तर नसेल तर त्यांना छंद म्हणायचं नाहीये, बंद म्हणायचंय. माझ्या वडिलांनी रविवार दिला होता. तो मीच वापरला नाही, कारण मी सरांचं ऐकलं. म्हणून वडिलांवर माझा राग नाही. सरांवर आहे, अजून आहे.

ज्या गावात बाबूराव पेंटर होऊन गेले त्या गावातला चित्रकला-शिक्षक म्हणतो की लोखंडात हात घातला की बोटं जड होतात! बाबूराव मेस्त्रींच्या घरातले, कारागिरांच्या. पडदे रंगवले, चित्रं काढली, पुतळे घडवले. सिनेमा काढायचा म्हटल्यावर कॅमेरा हवा होता, तो विकत मिळेना तर लेथवर सुटे भाग करून १९१८ मध्ये स्वतः तयार केला. त्यावर १९२० साली 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, सर रोज त्याच्यावरून सायकलनं शाळेत जायचे. त्या कॅमेऱ्यातला चित्रकार कुठला आणि फिटर कुठला, हे मला कुणीतरी वेगळं करून दाखवावं. हे मला सरांना सांगायचं होतं. २०११ मध्ये शाहू स्मारकच्या कलादालनात आमच्या ग्रुपचं प्रदर्शन होतं, माझी पाच जलरंगं होती. सर आले. काठी टेकत माझ्या चित्रांपुढं थांबले, शिवाजी पुलाच्या कमानीजवळ जरा जास्तच. मी दाराशी उभा होतो. पुढं झालो नाही. तीन वर्षांनी सर गेले.

असो. तुझ्याबद्दल. बीएफएही चार वर्षं, इंजिनिअरिंगही चार वर्षं, त्यामुळं 'वेळ वाया जाईल' हा मुद्दा घरच्यांनी काढला तर तो सोडून दे. बीएफएत अप्लाइड आर्ट घेतलंस तर पॅकेजिंग, जाहिरात, ॲनिमेशन, गेम असे पगाराचे रस्ते आहेत. पेंटिंग घेतलंस तर पहिली काही वर्षं क्लास घेऊन, ऑर्डरी करून काढावी लागतील, ते मनाशी धर. शाळेतल्या कलाशिक्षकाच्या नोकरीवर विसंबून कुणी जाऊ नये. आणि गेल्या सहा महिन्यांत कुणी न सांगता तू किती स्केचबुकं भरलीस ते मोज. बारावीच्या वर्षातही दोन-तीन भरली असशील तर बीएफएला जा, घरी भांडून जा. एकही भरली नसेल तर तुला चित्र काढण्यापेक्षा चित्रकार म्हणवून घ्यायची ओढ जास्त आहे, तेव्हा जरा थांब.

इंजिनिअरिंगच घ्यायचं ठरलं तर कॉम्प्युटर का, ते मला कळलेलं नाही. सगळे घेतात म्हणून? तुझ्या डोळ्याला आणि हाताला जिथं काम आहे अशी शाखा बघ. मेकॅनिकल, सिव्हिल, किंवा मग आर्किटेक्चर. (आर्किटेक्चरबद्दल तू अक्षरही लिहिलेलं नाहीस. त्याची वेगळी परीक्षा असते, ती दिली आहेस का?)

काही गोष्टी मला आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्या वेळचं पॅटर्न शॉप आता राहिलेलं नाही. माझ्याच शॉपमध्ये निम्म्याहून जास्त काम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशिनवर होतं, शंखाचा आकार स्क्रीनवर फिरवून बघतात. बघावं लागतंच, पण पटाशी नाही. दुसरं, घरावर कर्ज असेल तर माझं भांडणाचं वाक्य खोडून टाक आणि आधी आकडे बघ. तिसरं, सर अगदीच चुकीचे नव्हते. मी चांगली जलरंगं करतो, पण सोळा ते बावीस या वयात जो हात तयार होतो तो माझा झाला नाही. माझ्याबरोबर घाटावर येणारा एक जण कला महाविद्यालयात गेला. त्याची रेषा बघितली की ती वर्षं कुठं गेली ते मला दिसतं. त्याला चाळिशीपर्यंत स्वतःचं घर झालं नाही, तेही खरं. आम्ही दोघं याच्यावर बोलत नाही.

आणि मुलगी म्हणून तुला 'लग्नानंतर काढ' असंही कुणीतरी ऐकवेल. ते छंदापेक्षा वाईट. त्या माणसाला उत्तरही देऊ नकोस.

आम्ही सहा-सात जण अजून रविवारी सकाळी सात वाजता पंचगंगा घाटावर असतो, दीपमाळांच्या बाजूला. त्यात एक बँकेतली बाई आहे, दोन कॉलेजची पोरं आहेत, एक निवृत्त कंडक्टर. फी नाही. तू लिहिलंयस की तुमचं गाव एसटीनं अर्ध्या तासावर आहे. वडिलांना घेऊन ये. पाऊस असला तर घाटावर पाणी चढतं, मग आम्ही वर पुलाच्या कडेला बसतो. फॉर्म कुठलाही भरलेला असू दे, येत जा.