फिलॉसॉफी घेऊन धर्म, कायदा आणि नीतिशास्त्र तिन्हीत काम करता येतं का?

तुमचा प्रश्न आहे की तिन्ही विषय धरून प्राध्यापकी होते का, की शेवटी एकच पकडावा लागतो. मी एलएलबी करून मग फिलॉसॉफीत एमए केलं, त्यामुळे "याचं पुढे काय" हे घरी भरपूर ऐकलंय.

अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांचं करिअर बघा. जन्म १९४७, न्यूयॉर्क. आधी नाटक, मग ग्रीक-लॅटिन, आणि १९७५ मध्ये हार्वर्डची पीएचडी कशावर, तर प्राणी हालचाल कशी करतात यावर ॲरिस्टॉटलने लिहिलेल्या एका छोट्याशा ग्रंथावर! कायद्याचा पत्ताच नाही.

मग १९९२ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जनमताने घटनादुरुस्ती झाली की समलैंगिकांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा कुठल्याच शहराने करायचा नाही. केस कोर्टात गेली तेव्हा मुद्दा निघाला की समलैंगिकता वाईट हे फक्त ख्रिश्चन धर्माचं म्हणणं आहे की ग्रीक तत्त्वज्ञांचंही, आणि नुसबाम एक्सपर्ट साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या, विरुद्ध बाजूला ऑक्सफर्डचे कायद्याचे तत्त्वज्ञ जॉन फिनिस, आणि भांडण कशावरून तर प्लेटोच्या ‘लॉज’ (Laws, म्हणजे कायदे) या ग्रंथातल्या ‘तोल्मेमा’ या एका शब्दाच्या अर्थावरून, म्हणजे तो नुसतं धाडस सांगतो की निर्लज्ज कृत्य. कुठल्या डिक्शनरीची कुठली आवृत्ती वापरली यावरून अभ्यासकांत नंतर जाम जुंपली, नुसबाम यांच्यावर टीकाही झाली. गंमत म्हणजे १९९६ ला सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती ६ विरुद्ध ३ ने रद्द केली तेव्हा प्लेटोवर काहीच अवलंबून नव्हतं.

१९९५ पासून त्या शिकागोत, लॉ स्कूल आणि फिलॉसॉफी दोन्हीकडे, शिवाय डिव्हिनिटी स्कूलशीही (धर्माचा अभ्यास होतो तो विभाग) संबंध. त्या स्वतः लग्नाच्या वेळी ज्यू झाल्या, म्हणून असेल कदाचित, पण धर्माला नुसता अडथळा समजून त्या लिहीत नाहीत. २००० च्या पुस्तकात आपल्या शाहबानो केसवर (घटस्फोटित मुस्लिम बाईच्या पोटगीचा खटला) लिहिलंय. धर्मस्वातंत्र्य आणि बाईचा हक्क दोन्ही खरे आहेत, एकाला सरळ बाजूला सारून सुटका नाही, असा त्यांचा सूर. मला तो पटतो, माझ्या वकील मित्रांना अजिबात पटत नाही.

तर करता येतं, पण आधी एक काहीतरी हाडात मुरलेलं पाहिजे, त्यांचं ग्रीक होतं तसं. मला धर्मशास्त्रातल्या स्त्रीधनावर डिझर्टेशन करायचं होतं पण संस्कृत दहावीनंतर सोडलेलं, जुन्या संस्कृत टीका (भाष्यं) वाचायला घेतल्या आणि दोन महिन्यांत विषय बदलून घेतला. तुमचं संस्कृत किंवा अरबी चालू असेल तर प्लीज सोडू नका.