४२०० वर्षांपूर्वीचा अवर्षणकाळ आणि बुडालेली राज्ये

प्रश्न : सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पडलेल्या दीर्घ दुष्काळामुळे मेसोपोटेमियातील (आजच्या इराक-सीरियाच्या भागातील) अक्कडचे साम्राज्य आणि सिंधू संस्कृती एकदमच लयाला गेली, असे वाचनात आले. हे खरे मानावे काय? ज्या काळच्या पावसाची कोणी नोंदच ठेवली नाही, तो कमी पडला हे कळते तरी कसे?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच उभे आहे. गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुन्याचे थर साचत जमिनीवरून जो खांब वर वाढतो, त्याला लवणस्तंभ म्हणतात. प्रत्येक थरात त्या वेळच्या पावसातील ऑक्सिजन बंदिस्त झालेला असतो. आपल्याकडे मान्सून दुबळा असेल तेव्हा त्यात जड ऑक्सिजनचे (म्हणजे जास्त वजनाच्या ऑक्सिजन अणूंचे) प्रमाण वाढते, आणि युरेनियमपासून किती थोरियम तयार झाले हे मोजून थराचे वय काढता येते. मेघालयातील मावम्लुह गुहेतल्या लवणस्तंभात ४२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणाची खूण आढळली आणि तिच्या आधारे २०१८ मध्ये तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव देण्यात आले.

‘एकदमच’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. अक्कडच्या उत्तरेकडील, आजच्या सीरियातील तेल लेलानच्या परिसरात शेती पावसावर अवलंबून होती. ती वस्ती ओस पडली, हे उत्खननात दिसले आहे. परंतु साम्राज्याला बंडांनी आणि गुती टोळ्यांच्या स्वाऱ्यांनीही पोखरले होते. सिंधू संस्कृतीची मोठी शहरे तर त्यानंतरही सुमारे तीनशे वर्षे, इ.स.पू. १९०० च्या आसपासपर्यंत टिकली. पुढे ती मोडली, तेव्हा पूर्वेकडे लहान खेड्यांची संख्या वाढली. गुजरातेत कमी पाण्यावर येणारी भरडधान्ये पिकत होती. त्यामुळे ‘संस्कृती लयाला गेली’ यापेक्षा ‘नागर जीवन विसकटले’ असे म्हणणे मला अधिक रास्त वाटते.

याहून जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील इनामगावचे आहे, आणि ते माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. ठाण्यात कोसळणारा पाऊस सह्याद्री ओलांडताच किती आटतो हे आपण जाणताच. घोड नदीकाठचे हे गाव त्या पर्जन्यछायेत वसले होते. तिथे साम्राज्य नव्हते, पण प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर आणि पुराचे पाणी वळवणारा कालवा होता. इ.स.पू. १००० च्या सुमारास चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचा आधार घटून शिकारीवरची भिस्त वाढली, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव सोडून दिले गेले. पुरातत्त्वज्ञ डॉ. म. के. ढवळीकर यांनी या ऱ्हासाचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला आहे. कालवा असूनही गाव टिकले नाही, याचे कारण मला साधे वाटते: कालव्यात वळवायला नदीला मुळात पूर यावा लागतो.