'मठाधिपती' संत अँथनी? : एका हाकेचं पद कसं झालं

प्रश्न असा : इजिप्तचे संत अँथनी, ज्यांचा सण १७ जानेवारीला असतो, त्यांना भाषांतरांत 'मठाधिपती' म्हटलेलं दिसतं. ते तर एकांतात राहत. मग मठ कुठला आणि अधिपती कशाचे?

शंका रास्त आहे. इंग्रजीत त्यांना 'अँथनी द ॲबट' म्हणतात. 'ॲबट' म्हणजे मठाचा प्रमुख, हा अर्थही आज बरोबरच. फक्त तो अँथनींच्या काळाला लागू नाही.

शब्दाचं मूळ अरामी 'अब्बा', म्हणजे बाप, कॉप्टिकमध्ये (इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) 'अपा'. चौथ्या शतकात इजिप्तच्या ओसाड भागात राहणाऱ्या जुन्याजाणत्या तपस्व्यांना शिष्य अशी हाक मारत. स्त्री असेल तर 'अम्मा', जशा अम्मा सिंक्लेतिकी. या हाकेमागे ना निवडणूक होती, ना गादी, ना जमीनजुमला. पुढे लॅटिनमध्ये 'अब्बास' हे पद झालं. सहाव्या शतकातले इटलीचे संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत तर ॲबट कसा निवडायचा हेही सांगितलं आहे. हा नंतरचा अर्थ मागे नेऊन अँथनींना चिकटवला की 'मठाधिपती' होतो. (आपला 'आबा' कानाला जवळचा वाटतो, पण त्यावरून नातं जोडू नये. बापासाठी असे बाळबोलीतले शब्द अनेक भाषांत स्वतंत्रपणे घडतात.)

मराठीत घोटाळा आणखी वाढतो. मूळ संस्कृतात 'मठ' म्हणजे तपस्व्याची झोपडीही होते, पण आज मठ म्हटलं की गुरुपरंपरा, उत्तराधिकारी, इनाम डोळ्यांपुढे येतं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने लिहिलेल्या चरित्रानुसार अँथनी सुमारे वीस वर्षं नाईलपलीकडच्या एका पडक्या गढीत कोंडून घेऊन राहिले, मग तांबड्या समुद्राच्या बाजूच्या डोंगरात गेले आणि ३५६ साली १०५व्या वर्षी वारले. त्यांच्याभोवती माणसं जमली हे खरं, पण रीतसर मठ म्हणावा तो इजिप्तमधल्याच पाखोमियस या तपस्व्याचा. त्याने ३२०च्या सुमारास नाईलकाठच्या ताबेन्निसी गावी तो उभारला : भोवती भिंत, दारावर राखणदार, कामांनुसार घरं, जेवण एकत्र. ग्रीकमध्ये याला 'कोइनोबियोन', म्हणजे सामायिक जीवन. पाखोमियसला मठाधिपती म्हणा, हरकत नाही.

'मंक'ला काय म्हणावं, हा पुढचा प्रश्न आलाच. ग्रीक 'मोनाखोस' 'मोनोस'वरून, म्हणजे एकटा. गंमत अशी, की कागदोपत्री हा शब्द सर्वांत आधी भेटतो ३२४ सालच्या एका फिर्यादीत, तीही इजिप्तच्या कारानिस गावातली : शेतात शिरलेल्या गाईवरून मारहाण झाली, आणि एक डीकन (चर्चचा सेवक-अधिकारी) व इसहाक नावाचा 'मोनाखोस' मध्ये पडले म्हणून फिर्यादी वाचला. म्हणजे हा माणूस गावातच वावरत होता. म्हणून सरसकट 'मठवासी' नको. तो शब्द पाखोमियसच्या मंडळींपुरता ठेवावा. 'संन्यासी' चालेल, पण त्याला चतुर्थाश्रमाचा वास येतो. मला 'विरक्त' सर्वांत निर्धोक वाटतो. 'हर्मिट'ला 'एकांतवासी' बरा. त्याचं मूळ 'एरेमोस' म्हणजे निर्जन जागा. तिथे वाळू असलीच पाहिजे असं नाही. त्याच शब्दासाठी मराठी बायबलात 'अरण्य' येतं ते यामुळेच.

तर अँथनींसाठी 'अब्बा अँथनी' किंवा 'एकांतवासी संत अँथनी' लिहावं. नुसतं 'संत अँथनी' लिहिलं तर वसई-गोव्याकडचा वाचक पदुआचे अँथनी समजेल. ते तेराव्या शतकातले, संत फ्रान्सिसच्या संघातले (फ्रान्सिस्कन), सण १३ जून. चित्राखाली ओळ लिहायची असेल तर हातात बाळ येशू आणि लिलीचं फूल असलेले ते पदुआचे. पायाशी डुक्कर, हातात घंटा आणि टी-आकाराची काठी असलेले म्हातारे ते इजिप्तचे.