घाबरट फिलीला 'शांत करणारी' पावडर द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिली, म्हणजे शर्यतीची तरुण घोडी, चार वर्षांची, वजन ४७० किलो. पॅडॉकपर्यंत (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारापर्यंत) येईतो घामानं ओलीचिंब होते, गेटपाशी पोचेपर्यंत निम्मा दम तिथंच संपतो, रात्रीचा दाणा अर्धा तसाच राहतो. व्हॅलेरियन-कॅमोमाइल-हॉप्स या वनस्पतींची पावडर आणि मॅग्नेशियम दोन्ही आणून ठेवलंय; कशाचं किती द्यायचं आणि शर्यतीच्या किती दिवस आधी बंद करायचं?

पावडरचा डबा उघडू नका. मॅग्नेशियम मोजून तीन आठवडे देऊन बघायला हरकत नाही. पण दोन्हींच्या आधी तिचं पोट तपासून घ्या. तुम्ही लिहिलेल्यातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते घाम नव्हे, उरलेला दाणा.

व्हॅलेरियनच्या मुळातलं व्हॅलेरेनिक ॲसिड थेट मेंदूवर काम करतं. मज्जासंस्थेवर परिणाम करणारा कोणताही पदार्थ शर्यतीच्या घोड्याच्या नमुन्यात सापडणं हाच गुन्हा, मग तो कारखान्यातून आलेला असो की मुळीतून. म्हणजे पेच सरळ आहे. पावडर खरंच शांत करत असेल तर ते औषध झालं आणि सापडेल. करत नसेल तर पैसे पाण्यात. 'सात दिवस आधी बंद करा' असं डब्यावर छापलेलं असतं, त्याला आधार नसतो. नेहमीच्या औषधांचा शोधकाळ, म्हणजे औषध नमुन्यात किती दिवस सापडतं ते, ठरवताना घोड्यांना ठरावीक डोस देऊन लघवी आणि रक्त तपासलेलं असतं. मुळ्या-पाल्याच्या मिश्रणात मात्र सक्रिय घटक किती हे पीक, वाळवण आणि बॅच यांवर बदलतं. डोसच ठाऊक नाही तर दिवस कसले मोजणार?

देशी वनस्पती म्हणून सर्पगंधा असलेलं मिश्रण कुणी सुचवलं तर त्याला लांबूनच नमस्कार करा. तिच्यातलं रेसर्पिन घोड्यात फार रेंगाळतं, एका डोसचा परिणाम कित्येक दिवस टिकू शकतो. पातळ लीद, विनाकारण घाम, नर घोड्यात लिंग बाहेर लोंबणं हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम, आणि पदार्थ बंदीच्या यादीत आहेच. अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी यांच्याबाबत एवढंच सांगतो, की माणसाचा डोस वजनाच्या पटीत वाढवला म्हणजे घोड्याचा डोस होत नाही.

आता मॅग्नेशियम. त्याची कमतरता असेल तर घोडा दचकरा होतो, स्नायू थरथरतात, हे खरं. म्हणून प्रत्येक दचकऱ्या घोड्यात ते कमी असतं असं मात्र नाही. जड कामातल्या घोड्याला दर किलो वजनामागे साधारण ०.०३ ग्रॅम लागतं, म्हणजे तुमच्या फिलीला रोज १४ ग्रॅम. सहा किलो गवतातून (०.२ टक्के धरून) १२ ग्रॅम, दोन किलो लसूणघासातून सहा आणि चार किलो ओटमधून सहा ग्रॅम येतं. बेरीज २४. पुरून उरतं. पण गवत तीन किलोवर आणलं असेल आणि दाणा अर्धा टाकला जात असेल, तर हाच हिशेब काठावर येतो. त्यामुळे आठवडाभर तिनं प्रत्यक्ष खाल्लेलं तोला, घातलेलं नव्हे. रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नका. शरीरातलं बहुतेक मॅग्नेशियम हाडांत आणि पेशींत असतं, रक्तातला आकडा शेवटपर्यंत नॉर्मल दिसू शकतो. लघवीतून किती बाहेर पडतंय ही तपासणी जास्त बोलकी.

द्यायचंच तर मॅग्नेशियम ऑक्साइड घ्या. खाद्यासाठीच्या ऑक्साइडमध्ये सुमारे ५५ टक्के मॅग्नेशियम असतं, म्हणून ५ ग्रॅमसाठी ९ ग्रॅम पावडर लागते. पहिले चार दिवस निम्मी, मग पूर्ण, आणि ती दोन वेळच्या दाण्यात ओल्या बीट पल्पबरोबर (बीटच्या चोथ्याबरोबर) कालवून. कोरडी टाकली तर तोबऱ्याच्या तळाशी रेतीसारखी राहते. वरून दिलेलं मॅग्नेशियम १० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका, त्यापुढे लीद सैल होण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. चिलेटेड (सेंद्रिय रेणूला बांधलेल्या) उत्पादनात मॅग्नेशियम बरंच कमी भरतं, तेव्हा लेबलवर संयुगाचं वजन दिलंय की निव्वळ मॅग्नेशियमचं, ते आधी वाचा. बहुतेक घोळ इथेच होतो. एप्सम सॉल्ट या कामाचं नाही: १० ग्रॅम मॅग्नेशियमसाठी त्याचे १०० ग्रॅम लागतात, चव कडू, आणि ते मुळात रेचक. शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देण्याचा 'उपाय' कुणी कानात सांगितला तर ऐकू नका. हृदयाची गती बिघडून घोडा जागीच कोसळू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या घोड्याला हा खनिज प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तरही थांबा, मॅग्नेशियम त्या औषधाला पोटातच बांधून ठेवतं.

कॅल्शियमकडे सहसा कुणी बघत नाही. कोंडा जास्त असेल तर फॉस्फरस चढतो आणि कॅल्शियमचं प्रमाण एकास एकच्या खाली जातं. वर घामातून क्षार गेले की दचकरेपणा वाढतो, कधी बरगड्यांमागे हृदयाच्या ठोक्याबरोबर उचकीसारखे झटके दिसतात. अशा वेळी पावडर शोधत बसू नका, लगेच डॉक्टर बोलवा.

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मला या कामासाठी अजिबात पटत नाही. कमी डोसला घोडे शांत होण्याऐवजी किंचित चेकाळल्याचं प्रयोगांत दिसलंय, शिरेतून दिल्यावर घोडे लवकर थकलेत, आणि तोंडावाटे फार मोठा डोस गेला तर मोठ्या आतड्यात त्याचं जे रूपांतर होतं त्यानं लाल पेशी फुटतात. थायमिन, म्हणजे बी-१, निरुपद्रवी आहे. ४७० किलोच्या कामातल्या घोडीला रोज ६० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं आणि बराचसा भाग आतड्यातले जीवाणूच बनवतात. चाऱ्यात नेचा किंवा हॉर्सटेल आलं असेल तर गोष्ट वेगळी, ही झाडं थायमिन नष्ट करतात.

आता मूळ मुद्दा. ट्रेनिंगमधल्या थरोब्रेडमध्ये (शर्यतीच्या जातीच्या घोड्यांत) जठराचे व्रण इतके सर्रास आढळतात, की दाणा टाकणारी, खोगीर आवळताना चावायला येणारी, कामाआधीच घामेजणारी घोडी दिसली की पहिला संशय तिथेच जायला हवा. घोड्याचं जठर आम्ल अखंड स्रवतं, पोट रिकामं असलं तरी. रिकाम्या पोटी गॅलप केला की ते उसळून जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर जातं. अशा घोडीला शांत करणारी पावडर म्हणजे दातदुखीवर अंगारा. गॅस्ट्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून जठराची तपासणी, करून घ्या, आधी १२ ते १६ तास उपाशी ठेवावं लागतं. व्रण निघाले तर ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध डॉक्टरांच्या हिशेबानं, आणि ते शर्यतीआधी कधी थांबवायचं हे तुमच्या रेसिंग अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

तोबरा आजपासूनच बदलता येईल. एका वेळच्या दाण्यात स्टार्च दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या आत ठेवायचा, म्हणजे तिच्यासाठी ४७० ग्रॅम. ओटच्या भाषेत जेमतेम १.१ किलो. दोन वेळा तीन-तीन किलो दाणा घालणाऱ्या पागेत ही मर्यादा दुपटीनं ओलांडली जाते, आणि मग घोडी 'गरम' झाली म्हणून पावडर शोधली जाते. दाणा चार वेळांत वाटा. कमी केलेल्या ओटची ऊर्जा तेलातून भरून काढा: ५० मिलिलिटरपासून सुरू करून तीन आठवड्यांत ३०० पर्यंत, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम ओटची भरपाई होते. दर १०० मिलिलिटर तेलामागे १०० ते १५० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) ई जीवनसत्त्व वाढवायला विसरू नका. चारा दिवसाला किमान सात किलो, आणि चाऱ्याशिवाय सहा तासांहून जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. कामाआधी अर्धा तास किलोभर लसूणघासाची कुट्टी द्या. पोटात मऊ थर बसतो आणि आम्ल उसळत नाही.

याशिवाय नाडी, घाम आणि मूडची नोंद ठेवताना माजाचे दिवस खूण करून ठेवा. २१ दिवसांच्या चक्रात फक्त त्या पाच-सात दिवसांतच ती बिघडत असेल तर प्रश्नच वेगळा. कामानंतर मागचे पुठ्ठे कडक होतात का तेही बघा. घाबरट फिलींमध्ये टाइंग-अप (कामानंतर स्नायू आखडून दुखणं) जास्त दिसतं, आणि दुखणारी घोडी भित्री वाटते.

मॅग्नेशियमचा प्रयोग करायचा तर असा: १४ दिवस काही न देता, २१ दिवस देऊन, पुन्हा १४ दिवस बंद. या काळात खाद्य, जॉकी, कामाची वेळ, काही बदलायचं नाही. रोज ठाण्यावर आणि खोगीर चढवल्यावर पाच मिनिटांनी नाडी मोजायची, उभ्या घोड्याची ती २८ ते ४० असते. घामाला एक ते पाच गुण द्यायचे. गुण देणाऱ्या मोतद्दाराला पावडर चालू आहे की बंद हे कळता कामा नये, नाहीतर आपल्याला हवं तेच दिसतं. बंद केल्यावर आकडे परत चढले नाहीत, तर फरक पावडरचा नव्हताच.

एकाच घोड्याला तीन-चार डबे चालू असतात तिथे बेरीज करा. खूर, स्नायू, रक्त, शांतता, प्रत्येकात सेलेनियम आणि कोबाल्ट पुन्हा पुन्हा येतं. सेलेनियम रोज १ ते ३ मिलिग्रॅम पुरे, कोबाल्ट अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. कोबाल्टची मर्यादा लघवीत मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम आहे, आणि बी-१२ मध्येही कोबाल्टच असतं.

भेसळीची भीतीही पोकळ नाही. २०१४ च्या ॲस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आलेली राणी एलिझाबेथ यांची 'एस्टिमेट' मॉर्फिनमुळे अपात्र ठरली. कारण खाद्यात मिसळलेला खसखशीच्या झाडाचा अंश. चाऱ्यात धोतरा आला की ॲट्रोपिन, जवाला मोड आले की हॉर्डेनिन, दोन्ही नमुन्यात पकडले जाणारे. म्हणून साधं मॅग्नेशियमसुद्धा बॅचनिहाय तपासणीचा दाखला असलेलंच घ्या, डब्यावरचा नंबर दाखल्यावरच्या नंबराशी जुळवा आणि प्रत्येक बॅचचे २०० ग्रॅम सीलबंद करून तारखेसह ठेवा. शर्यतीच्या दिवशी नेहमीचं खाद्य आणि पाणी यांपलीकडे काहीही नाही, पिचकारीतून तोंडात तर मुळीच नाही.

गॅस्ट्रोस्कोपी झाली की व्रण वरच्या भागात आहेत की ग्रंथींच्या खालच्या भागात, ते कळवा. खालच्या भागातल्या व्रणांवर नुसतं ओमेप्राझोल बऱ्याचदा अपुरं पडतं, आणि मग तोबऱ्याची मांडणीही थोडी बदलावी लागते.