निळा एमिटर मिनिटांत मरतोय? आधी ब्रोमीन शोधा

"द्रावणात झकास निळा चमकतो, पण डिव्हाइस लावलं की काही मिनिटांत उजेड निम्मा." ओएलईडीच्या (वीज दिली की उजळणाऱ्या सेंद्रिय थरांच्या दिव्याच्या) निळ्या एमिटरबद्दल, म्हणजे उजेड देणाऱ्या रेणूबद्दल, तुमचं हे वाक्य वाचलं आणि माझ्या पीएचडीचं तिसरं वर्ष डोळ्यांसमोर आलं. ग्लव्हबॉक्स (हवा-ओलावा नसलेली पेटी), एन्कॅप्सुलेशन (डिव्हाइस हवाबंद करणं) तुम्ही तपासलंच असणार, ते सोडतो.

लगेच होस्ट (एमिटर ज्यात मिसळतात तो पदार्थ) बदलायला घेऊ नका. मी आठ महिने रेणूला इकडे मिथाइल लाव, तिकडे कार्बाझोल लाव, हेच करत बसलो. चोर भलताच होता: शेवटच्या कपलिंगमध्ये (दोन तुकडे जोडणाऱ्या रिॲक्शनमध्ये) न संपलेलं ब्रोमो इंटरमिजिएट, म्हणजे ब्रोमीन असलेला मधला पदार्थ. एनएमआर (रेणूची रचना तपासणारी चाचणी) स्वच्छ, म्हणून मी निर्धास्त. पण टक्क्याखालचा कचरा एनएमआरमध्ये सहज दडतो, आणि ओएलईडी मारायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. कार्बन-ब्रोमीन बंध मुळात कच्चा. करंट सुरू झाला की तुटतो, मग त्याचे रॅडिकल शेजारच्या रेणूंनाही सोडत नाहीत.

मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंची वस्तुमानं दाखवणाऱ्या आलेखात) दोन युनिटांच्या अंतरावर जवळपास सारख्या उंचीची जोडशिखरं आहेत का बघा (ब्रोमीनची ७९ आणि ८१ ही समस्थानिकं). माझ्या डेटात ती पहिल्या दिवसापासून होती! मी मुख्य शिखराभोवती गोल काढून फाइल मिटली होती.

सब्लिमेशन (निर्वातात तापवून, वाफ करून शुद्ध करणं) का केलं नाही? कारण पंप नव्हता. आमच्या खरेदी विभागाने तीन कोटेशनं मागितली, दिली. मग शेरा आला, "प्रयोगशाळेत पंप उपलब्ध आहे." होता ना, रोटरी! त्यावर हाय व्हॅक्यूम कुठून येणार? फाइल अकरा महिने फिरली. असो, बीपी वाढतो.

तरी सब्लिमेशन म्हणजे रामबाण नव्हे. इंटरमिजिएट जवळपासच्या तापमानाला उडत असेल तर तेही सोबत येतं. माझ्या मते रिॲक्शन पूर्ण संपवण्यावर वेळ घालवलेला बरा.

आणि हो, टीएडीएफ (ट्रिपलेट या उत्तेजित अवस्थेतली ऊर्जाही उजेडात वळवणारा एमिटर) असेल तर उजेडाचं यील्ड मोजण्याआधी द्रावणातला ऑक्सिजन नीट काढा, तो ट्रिपलेट खातो.

मी आता रंगांच्या धंद्यात आहे, पॉलिमर एमिटर कधी हाताळले नाहीत, तेव्हा हे छोट्या रेणूंपुरतंच धरा. शिवाय निळा मुळातच अवघड: एक्सायटॉनची (रेणूतल्या उत्तेजित अवस्थेची) ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, काही कार्बन-नायट्रोजन बंध तोडण्याच्या बेतात. सगळा दोष ब्रोमीनचा नसेलही.

मास स्पेक्ट्रम इथे टाका, बघतो. पूर्ण टाका, कापून नको.