‘प्रश्न उद्भवत नाही’ या उत्तरानंतर

प्रश्न : आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद दोन वर्षांपासून रिकामे आहे. ग्रामस्थांच्या विनंतीवरून आमच्या आमदारांनी विधानसभेत प्रश्न दिला. उत्तराची प्रत हाती आली, तेव्हा पहिल्या भागासमोर ‘हे अंशतः खरे आहे’ आणि पुढच्या तिन्ही भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहिलेले होते. अशा उत्तराचा उपयोग तरी काय? (एक निवृत्त शिक्षक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : आपला उद्वेग रास्त आहे, तरीही ही प्रत टाकून देऊ नये, कारण त्या दोन त्रोटक वाक्यांतच पुढची वाट आहे. आपल्या विधिमंडळातील प्रश्नाची एक ठरलेली घडण आहे. आधी एखादी वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’ असे विचारतात. मग ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ अशी साखळी येते. पहिली कडी निसटली की पुढच्या सर्व कड्या आपोआप गळून पडतात, आणि उत्तर तयार करणाऱ्याचा सारा भर त्या पहिल्या कडीवरच असतो.

आपण पाठविलेल्या प्रश्नाचा पहिला भाग पाहावा. ‘केंद्रात वैद्यकीय अधिकारी नसल्याने रुग्णांची अतोनात गैरसोय होत असून औषधांचाही तुटवडा आहे, हे खरे आहे काय’ असे त्यात लिहिले आहे. येथे एका वाक्यात तीन विधाने आहेत. शेजारच्या केंद्रातील डॉक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार दिलेला असेल, तर ‘अधिकारी नाही’ हे कागदोपत्री खोटे ठरते. ‘अतोनात गैरसोय’ मोजता येत नाही. औषधे त्या महिन्यात आलेली असतील, तर तेही विधान बाद होते. मग तिन्हींतले नेमके काय खरे, हे न सांगता ‘अंशतः’ हा एक शब्द पुरतो. मात्र विधान अंशतः खरे असेल, तर जेवढे खरे आहे तेवढ्यापुरता पुढचा प्रश्न उद्भवतोच, आणि तेथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिणे ही माझ्या मते उत्तराची उघड विसंगती आहे. आमदारांनी याच विसंगतीवर बोट ठेवून नवा प्रश्न द्यावा.

नव्या प्रश्नात विशेषणे नसावीत. दिनांक व संख्या असाव्यात. मंजूर पदे किती, त्यांपैकी नियमित नेमणुकीने किती, कंत्राटी पद्धतीने किती आणि अतिरिक्त कार्यभाराने किती भरली आहेत, रिक्त पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे आणि ते भरण्याची कार्यवाही आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे सुटेसुटे विचारावे. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा रकाना वेगळा काढला की त्याआड लपलेले रिकामे पद दिसू लागते.

अशा प्रश्नाने पडद्याआड काय होते, तेही सांगतो. विधानमंडळ सचिवालयाने स्वीकारलेला प्रश्न मंत्रालयातील संबंधित विभागाच्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या कक्षाकडे, जातो, तेथून आयुक्तालय वा संचालनालय आणि जिल्ह्यातील अधिकारी यांच्याकडे माहितीची मागणी होते, आणि खालून आलेली माहिती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव व सचिव अशा पायऱ्या चढत मंत्र्यांच्या मान्यतेपर्यंत पोहोचते. दोन वर्षे ज्या कागदाकडे कोणी पाहिले नाही, तो कागद या निमित्ताने प्रत्येकाला उघडावा लागतो आणि त्यावर आपले नाव लागणार, हे प्रत्येकाला माहीत असते. उत्तर सभागृहात पोहोचण्याआधीच पद भरले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि लेखी प्रश्नाचे निम्मे सामर्थ्य मला या प्रवासातच दिसते.

प्रश्न : आमच्या प्रतिनिधींनी तारांकित प्रश्न न देता अतारांकित दिला, म्हणजे त्यांनी विषय गांभीर्याने घेतला नाही, असे समजावे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तसे समजू नये. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात; अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि उपप्रश्नाला वाव नसतो. फरक एवढाच आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत ही संख्या अनुक्रमे १५ व १६० आहे. आलेल्या सूचनांचा क्रम सोडतीने ठरतो, आणि एका तासात वीसपैकी मोजकेच तारांकित प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात. उरलेल्यांची उत्तरे लेखीच समजली जातात. गोंधळामुळे कामकाज तहकूब झाले, तरी लेखी उत्तरे पटलावर येतातच. आकडेवारी, जिल्हावार तक्ता किंवा निधीचा हिशोब हवा असेल, तर अतारांकित प्रश्नच अधिक उपयोगी असतो, असे माझे मत आहे. मंत्र्यांना पेचात पकडायचे असेल, तर मात्र तारांकितच हवा.

प्रश्न : मंत्री ‘माहिती उपलब्ध नाही’ असे म्हणाले किंवा चुकीचे उत्तर दिले, तर पुढे काय करता येते? की विषय तेथेच संपतो? (एक विधी विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : याचे उत्तर मी एका अलीकडच्या प्रसंगापासून सुरू करतो. सप्टेंबर २०२० मधील संसदेच्या अधिवेशनात कोविडचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला आणि केवळ अतारांकित प्रश्नांना मुभा राहिली. तोंडी जाब विचारण्याची सोय काढून घेण्याचा तो निर्णय मला तेव्हाही अयोग्य वाटला आणि आजही वाटतो. १४ सप्टेंबर रोजी लोकसभेत, टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय, अशी विचारणा झाली. श्रम मंत्रालयाच्या लेखी उत्तरात अशी आकडेवारी ठेवली जात नसल्याचे सांगण्यात आले, आणि म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही, असे पुढे नोंदविले गेले. ज्यांच्या मृत्यूची नोंद नाही, त्यांच्या भरपाईचाही प्रश्न नाही, असा त्याचा सरळ अर्थ झाला. त्याच आठवड्यात राज्यसभेत श्रमिक विशेष रेल्वेगाड्यांतील मृत्यूंविषयी प्रश्न आला, तेव्हा रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी लेखी उत्तरात ९ सप्टेंबरपर्यंत या गाड्यांतून प्रवास करताना ९७ व्यक्तींचा मृत्यू झाल्याची माहिती दिली.

या दोन उत्तरांमधील अंतर विद्यार्थ्यांनी नीट अभ्यासावे. पहिला प्रश्न साऱ्या देशातल्या, साऱ्या रस्त्यांवरच्या मृत्यूंबद्दल होता आणि त्याची नोंदवही कोणा एका खात्याकडे नव्हती. दुसरा प्रश्न जेथे नोंद होतेच, त्या खात्याला आणि तेवढ्याच कक्षेत विचारला गेला. नोंद ठेवली नाही, ही सरकारची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. ‘आकडेवारी नाही’ हे विधान मंत्रालयाच्या स्वतःच्या शब्दांत कायमचे नोंदले गेले, हेही त्या पहिल्या प्रश्नाचे फळच आहे. परंतु संख्या हवी असेल, तर ती कोणत्या कार्यालयाच्या वहीत असेल, याचा शोध प्रश्न लिहिण्यापूर्वी घ्यावा लागतो.

आता पुढील उपायांकडे वळू. उत्तरात ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असे शब्द आले, तर संसदेच्या प्रथेप्रमाणे ते आश्वासन ठरते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे आणि महाराष्ट्र विधानमंडळातही अशी समिती काम करते. मुदतवाढी मागून आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवली जातात, हे दुर्दैवाने खरे आहे. म्हणून ज्या सदस्याने प्रश्न विचारला, त्याने समितीला लिहीत राहिले पाहिजे. एखाद्या उत्तरातून उद्भवणाऱ्या मुद्द्यावर, उत्तर अतारांकित असले तरी, अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. उत्तरात तथ्याची चूक असेल, तर लोकसभेत अध्यक्षांच्या ११५ व्या निदेशानुसार सदस्य ती निदर्शनास आणू शकतो, मंत्री दुरुस्तीचे निवेदन करू शकतात, आणि जाणूनबुजून दिशाभूल केल्याचे दिसल्यास विशेषाधिकारभंगाची, म्हणजे सभागृहाच्या हक्काचा भंग झाल्याची, सूचना देता येते.

पाठपुरावा झाला तर एक प्रश्न कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण मुंद्रा प्रकरण आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग १९५७ मध्ये घेतले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात राम सुभग सिंग यांच्या लोकसभेतील प्रश्नाला मिळालेल्या उत्तराने सदस्यांचे समाधान झाले नाही. विषय पुन्हा पुन्हा उपस्थित होत राहिला, आणि डिसेंबरात फिरोज गांधी यांनी, सत्ताधारी पक्षाचेच सदस्य असूनही, सारा व्यवहार सभागृहासमोर उलगडून दाखविला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली, तिची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. पहिल्या असमाधानकारक उत्तरावर सदस्य थांबले असते, तर यातले काहीही घडले नसते.

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही, हेही येथे नोंदवितो. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळांतील सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उपप्रश्न विचारता येत नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले मुंबईच्या आणि नंतर कलकत्त्यातील केंद्रीय कायदेमंडळात गेले, तेव्हा हीच मर्यादा होती. १९०९ च्या सुधारणांनी उपप्रश्नाची सोय केली, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच.

प्रश्न : सामान्य नागरिकाने आमदारांकडे प्रश्नाचा मसुदा द्यावा काय? त्यापेक्षा माहितीचा अधिकार बरा नाही काय? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : मसुदा अवश्य द्यावा, तो स्वीकारायचा की नाही, हा सदस्याचा अधिकार आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तो गुन्हाच समजावा. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याचे उघड झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये संसदेने अकरा सदस्यांना बडतर्फ केले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती कारवाई वैध ठरविली. विषय राज्याचा असेल तर खासदारांकडे जाऊ नये, कारण संबंधित बाब राज्यसूचीतील असल्याचे उत्तर मिळून वेळ वाया जातो. आपण पदवीधर असून मतदार यादीत नाव असेल, तर विधानसभेच्या आमदारांखेरीज विधानपरिषदेतील आपल्या पदवीधर मतदारसंघाचे सदस्यही आपले प्रतिनिधी आहेत. असे सात मतदारसंघ राज्यात आहेत आणि त्यांच्याकडे फार थोडे लोक जातात.

माहितीचा अधिकार हा पर्याय नसून जोड आहे. त्या अर्जाने कागद मिळतो, तर विधिमंडळातील प्रश्नाने त्या कागदाबद्दल मंत्र्यांना स्वतःच्या नावाने उत्तर द्यावे लागते. २००५ च्या कायद्यात, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे एक मोलाचे वाक्य कलम ८(१)(ञ) खाली होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्या पोटकलमाची रचना बदलताना ते वाक्य ठेवले नाही, याचा मला मनापासून खेद आहे. त्यामुळे सदस्यामार्फत विचारलेल्या प्रश्नाचे महत्त्व आता वाढले आहे. म्हणून आधी अर्ज करून हजेरीपत्रक, मंजूर पदांचा आदेश असे कागद मिळवावेत, त्यांच्या प्रती मसुद्यासोबत जोडाव्यात आणि उत्तर आल्यावर प्रश्नाचा क्रमांक व दिनांक लिहून ते जपून ठेवावे, कारण पुढच्या अधिवेशनातील प्रश्नाची सुरुवात त्या क्रमांकानेच करायची असते.